जुन्या विजेच्या मोटारीचे मोल

आपल्या उचगाव भागात बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे जाणता शेतकरी प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोन-दाती आहे, चार-दाती, सहा-दाती की जुळलेला, हे एकदा कळले म्हणजे मग बाकीची बोलणी. शिंगे रंगविता येतात, पाठीवर झूल घालता येते, अंग घासूनपुसून तुकतुकीत करता येते. दातांचे मात्र तसे करता येत नाही. जुनी विजेची मोटार विकत घेणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न असतो. रंग झकपक, आतील गाद्या कोऱ्यासारख्या, काचा स्वच्छ. परंतु या जनावराचे दात कोठे असतात आणि ते पाहावयाचे कसे? प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार करणार आहो.

हा विषय शालेय वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. विद्यार्थी मित्रहो, त्याचे कारण तुमच्या घरांतच आहे. २०२० सालापासून पुण्यात, कोल्हापुरात, बंगळुरात ज्या विजेच्या मोटारी विकल्या गेल्या, त्यांतील पुष्कळशा आता चार-सहा वर्षांच्या होऊन दुसऱ्या मालकाच्या शोधात निघाल्या आहेत. येथून बेळगाव बारा-तेरा किलोमीटर. नोकरीसाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी रोजचे जाणेयेणे. रताळ्याचे वा काजूचे चार पैसे हाती आले, की ‘पेट्रोलचा खर्च नाही’ या शब्दांची भुरळ पडते. अशा व्यवहारात घरची पाच-सात वर्षांची शिल्लक एका दिवसात हातावेगळी होते. घरातील वडीलमाणसे बैल ओळखतील, जमीन ओळखतील. पण किलोवॅट आणि टक्केवारी यांचा हिशेब तुम्हांलाच करून द्यावा लागेल. त्यासाठी लागणारे गणित आठवीच्या पलीकडचे नाही.

पेट्रोलच्या जुन्या गाडीची पारख करण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. मिस्त्रीला सोबत न्यावे, इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकावा, धूर पाहावा, किती किलोमीटर चालली ते वाचावे, आणि मूळ किमतीतून दर वर्षाचे काही वजा करावे. विजेच्या गाडीला ही रीत लावली तर फसगत होते. तिच्यात धूर नाही, तेल नाही, आवाज जवळजवळ नाही. तिची मोटर ही पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरचीच थोरली बहीण. ती सहसा लवकर झिजत नाही. झिजते ती बॅटरी. आणि नव्या गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के भाग एकट्या बॅटरीचा असतो. म्हणजे गाडीचा सर्वांत महाग अवयव तोच, हळूहळू म्हातारा होणाराही तोच, आणि डोळ्यांस न दिसणाराही तोच.

आपल्या देशात हा अनुभव अगदी नवा नाही. २००१ साली बंगळूरच्या रेवा कंपनीने लहानशी विजेची मोटार बाजारात आणली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि काही वर्षांनी त्या बदलाव्या लागत. पुढे २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेवा आपल्याकडे घेतली, २०१३ मध्ये ‘ईटूओ’ नावाची गाडी काढली, आणि २०१९ पर्यंत तो वंश संपला. अशा बंद पडलेल्या वाणाची गाडी आज कोणी स्वस्तात देऊ केली, तर स्वस्ताईचे कारण उघड आहे: सुटे भाग कोठून आणावयाचे? सांप्रतच्या गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्या शिशाच्या बॅटऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात, तरी अमर नव्हेत.

आता थोडे शास्त्र पाहू. घरच्या वीजबिलावर ‘युनिट’ असा शब्द असतो. एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. बॅटरीची क्षमताही याच मापाने सांगतात. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या नेक्सॉन गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती; म्हणजे ती पूर्ण भरली असता तिच्या पोटात तीस युनिट वीज मावे. २०२२ मध्ये आलेली लहान टियागो १९.२ आणि २४ अशा दोन मापांत मिळू लागली. घागर लहान असो वा मोठी, प्रश्न एवढाच की चार-सहा वर्षांनी तीत किती पाणी मावते. नव्या घागरीत तीस युनिट मावत असत आणि आज पंचवीसच मावत असतील, तर बॅटरीचे ‘आरोग्य’ सुमारे ८३ टक्के झाले असे म्हणतात. आमच्या मते विजेच्या मोटारीचे दात ते हेच.

विक्रेता मात्र आरोग्याविषयी बोलत नाही. तो पल्ल्याविषयी बोलतो. ‘एकदा भरली की तीनशे किलोमीटर!’ वर सांगितलेल्या नेक्सॉनचा जाहीर पल्ला ३१२ किलोमीटर होता खरा, परंतु तो आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतला. रस्त्यावर, चार माणसे बसवून, वातशीतक यंत्र चालू ठेवून, दोनशेच्या थोडे पुढेमागे मिळाले तर ती गाडी चांगलीच म्हणावयाची. आम्हा कोकणी माणसांना चवथीला सामानसुमानासह आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याकडे जावयाचे असते. ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. उतरताना घाट गाडीला थोडी वीज परत देतो, कारण उतारावर मोटरच जनित्राचे काम करते. परतीच्या चढणीला तो ती व्याजासकट वसूल करतो. तेव्हा जाहीर पल्ल्यातून तिसरा हिस्सा काढून टाकावा आणि उरलेल्यास बॅटरीच्या आरोग्याच्या टक्केवारीने गुणावे, हा आमचा ठोकताळा. ३१२ चे झाले २०८. आरोग्य ८५ टक्के असेल तर उरले १७७. रोजच्या बेळगावच्या फेरीला हे भरपूर झाले. चवथीच्या प्रवासाला वाटेत चार्जिंगची सोय शोधावी लागेल, हेही त्यातच कळले.

बॅटरी म्हातारी होते ती दोन प्रकारांनी. एक नुसत्या काळाने, दुसरी वापराने. दोहोंतही तिचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. जपानच्या निस्सान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी पाण्याची वा द्रवाची व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना या तापट वाळवंटी प्रांतात दीड-दोन वर्षांतच तेथील मालकांना पल्ला घटल्याचे दिसू लागले आणि २०१२ साली त्याची मोठी ओरड झाली. हीच गाडी थंड प्रदेशांत पुष्कळ बरी टिकली. यावरून उमजते की गाडी किती चालली याबरोबरच ती कोठे राहिली हेही विचारले पाहिजे. वर्षानुवर्षे उन्हात, पूर्ण भरलेल्या स्थितीत उभी असलेली कमी चाललेली गाडी ही, सावलीत राहिलेल्या आणि रोज बेताने वापरलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. कॅनडातील जिओटॅब या संस्थेने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये जो निष्कर्ष काढला, त्याप्रमाणे आरोग्याची सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. सरासरी म्हणजे प्रत्येक गाडीचे भविष्य नव्हे. वर्गाची सरासरी साठ गुण असली म्हणून प्रत्येकाला साठ मिळत नाहीत, हे तुम्हांस निराळे सांगावयास नको!

रस्त्यावरच्या केंद्रांत अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी भरून देणारी जलद चार्जिंगची यंत्रे असतात. नड पडली असता त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. पण ज्या गाडीचे पोट रोजच असे घाईघाईने भरले गेले, तिची बॅटरी लवकर थकण्याचा संभव अधिक. भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांचे बहुधा असेच होते. येथे एक सोपी खूण सांगतो. आपल्या देशात विजेच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. खासगी गाडीवर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे, आणि भाड्याच्या गाडीवर पिवळी. पूर्वी भाड्याची असून पुढे खासगी करून घेतलेली गाडी पाटीवरून ओळखता येणार नाही, म्हणून नोंदणीचा इतिहासही पाहावा.

आता आरोग्य मोजावयाचे कसे? कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रात बॅटरीचा अहवाल मागता येतो, आणि तो मागावाच. काही मिस्त्री गाडीच्या तपासणी-खाचेत लहानसे यंत्र जोडून मोबाइलवर आकडा दाखवितात. परंतु हे दोन्ही आकडे गाडीच्या स्वतःच्या संगणकाने सांगितलेले असतात. आम्हांस अधिक आवडते ती तिसरी रीत, कारण तिला घरचे मीटर, कागद आणि पेन्सिल एवढेच लागते.

गाडी चालवून बॅटरी २० टक्क्यांवर आणावी. रात्री घरातील इतर उपकरणे शक्य तितकी बंद ठेवावी, अथवा खास चार्जिंगच्या जोडणीवर स्वतंत्र लहान मीटर बसवावे. मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि साध्या घरगुती चार्जरने गाडी १०० टक्क्यांपर्यंत भरू द्यावी. सात-आठ तास लागतील. सकाळी पुन्हा आकडा वाचावा. समजा, २३.३ युनिट खर्च झाले. यांतील सर्व वीज बॅटरीत जात नाही. काही तारांत आणि चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते. ही गळती १२ टक्के धरू. मग बॅटरीत गेले २३.३ × ०.८८ म्हणजे सुमारे २०.५ युनिट. हे झाले ८० टक्के भरण्यासाठी. तर पूर्ण १०० टक्क्यांना २०.५ ÷ ०.८ म्हणजे २५.६ युनिट. नवी असताना क्षमता ३०.२ होती. २५.६ ला ३०.२ ने भागले असता येतात सुमारे ८५ टक्के.

गळती १२ च का, १० किंवा १४ का नव्हे, अशी शंका चाणाक्ष विद्यार्थी काढील, आणि ती रास्त आहे. १० धरली तर उत्तर ८७ येते, १४ धरली तर ८३. तेव्हा या रीतीने मिळणारे उत्तर ‘८३ ते ८७ च्या दरम्यान’ असे समजावे. सोन्याचा तराजू हा नव्हे, भाजीचा तराजू आहे. पण ९५ टक्के आहे असे विक्रेता सांगत असेल आणि आपला हिशेब ८५ दाखवीत असेल, तर खोटे पकडावयास भाजीचा तराजू पुरतो. ‘२० पासून थेट १०० पर्यंत’ असे आम्ही मुद्दाम लिहिले आहे, कारण नेक्सॉन-टियागोसारख्या गाड्यांत लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचा टक्केवारीचा काटा मधल्या पट्ट्यात चुकण्याचा संभव असतो. पूर्ण भरल्यावर तो पुन्हा ठिकाणावर येतो.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात सांगतो. बॅटरीच्या वजनामुळे या गाड्या जड असतात, म्हणून टायर लवकर झिजतात, ते पाहावे. दिवे, कुलुपे इत्यादी चालविणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी निराळी असते, तीही पाहावी. एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसू. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे कित्येक वाहने पाण्याखाली गेली. २०१९ मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यानेही पुराचा तडाखा सोसला. त्या काळातील गाडी असेल तर गाद्यांखालचा गालिचा उचलून गाळाची रेघ, पट्ट्यांच्या मुळाशी माती, नटांवर गंज आहे का हे पाहावे, आणि विम्याच्या दाव्यांची माहिती मागावी. पुरात बुडालेली विजेची गाडी आम्ही कोणत्याही किमतीस घेणार नाही.

एवढे झाल्यावर किंमत. विक्रेता सहसा असे म्हणतो: ‘पंधरा लाखांची गाडी, अर्ध्या किमतीला देतो.’ येथे दोन गफलती आहेत. पहिली अशी, की पंधरा लाख त्याने खरोखरच मोजले होते का? महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२१ च्या धोरणाप्रमाणे विजेच्या पहिल्या १०,००० मोटारींना दर किलोवॅट-तासामागे ५,००० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, असे साह्य जाहीर झाले होते, आणि लवकर घेणाऱ्यांस त्यावर आणखी एक लाखापर्यंत. शिवाय रस्ता-करही माफ. म्हणजे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मालकास ती गाडी जाहीर किमतीहून दोन-अडीच लाखांनी स्वस्त पडली असण्याचा संभव आहे.

दुसरी गफलत अधिक मोठी. जुन्या वस्तूची तुलना तिच्या जुन्या किमतीशी नव्हे, तर आजच्या नव्या वस्तूच्या किमतीशी करावयाची असते. बॅटऱ्या दरवर्षी स्वस्त होत आल्या आहेत. २०१० साली किलोवॅट-तासास हजार डॉलरांहून अधिक पडणारी बॅटरी २०२४ साली जगाच्या सरासरीने ११५ डॉलरांवर आली. त्याचा परिणाम येथेही दिसला: फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉनची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरविली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिची सुरुवातीची किंमत १२ लाख ४९ हजार अशी जाहीर झाली. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू-सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारींवर तो पूर्वीचाच ५ टक्के राहिला. पेट्रोलची नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे विजेच्या जुन्या गाडीचा भावही आपोआप खाली येतो, मग तिच्या मालकास ते रुचो वा न रुचो.

आमची रीत अशी. समजा, २०२१ साली नोंदलेली, पाच वर्षे वापरलेली नेक्सॉन आहे आणि मागणी ८ लाखांची आहे. तशाच नव्या गाडीची किंमत साडेबारा लाख धरू. खरेदीच्या दिवशी जी असेल ती तुम्ही घ्यावी. त्यांतील साडेचार लाख बॅटरीचे, आठ लाख उरलेल्या गाडीचे. उरलेली गाडी इतर कोणत्याही पाच वर्षांच्या गाडीप्रमाणे निम्म्यावर आली असे मानू: ४ लाख. बॅटरीची हमी देताना अनेक कारखानदार ७० टक्के ही मर्यादा मानतात. म्हणून १०० पासून ७० पर्यंतचे ३० अंक हीच तिची कमाईची वर्षे समजू. आरोग्य ८५ आहे, म्हणजे ३० पैकी १५ अंक उरले. साडेचार लाखांचे निम्मे, सव्वादोन लाख. एकूण सव्वासहा लाख. नवे टायर आणि नोंदणीचा खर्च मिळून ५० हजार वजा केले, तर उरले पावणेसहा. आठ लाखांची मागणी अवाजवी होय.

याच रीतीने पाहा: आरोग्य ९३ असते तर बॅटरीचे ३ लाख ४५ हजार आणि एकूण ७ लाख ४५ हजार झाले असते, ७५ असते तर केवळ ४ लाख ७५ हजार. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन गाड्यांत २ लाख ७० हजारांचा फरक! ७० च्या खाली गेलेली बॅटरी निकामी होते असे नव्हे, ती गाडी गावातल्या गावात पुष्कळ वर्षे चालेल; म्हणून आमचा हिशेब घेणाऱ्याच्या बाजूस थोडा झुकलेला आहे हे कबूल. विक्रेत्याच्या बाजूने झुकावयास दलाल असतोच.

‘पेट्रोलचा खर्च नाही’ हे वाक्यही एकदा मोजून घेऊ. रोज पंचवीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ६२५ किलोमीटर. मीटरवरच्या एका युनिटात गाडी सहा किलोमीटर जाते असे धरले तर महिन्याला १०४ युनिट. सात रुपयांच्या दराने सुमारे ७३० रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीस, लिटर १०० रुपये धरून, ४,१७० रुपये. बचत ३,४४० रुपयांची. उत्तम! परंतु येथे सीमेचा प्रश्न आडवा येतो. पलीकडे शिनोळीस महावितरणची वीज, अलीकडे उचगावास हेस्कॉमची; आणि अलीकडच्या घरांना २०२३ पासून गृहज्योती योजनेचा लाभ आहे. तीत प्रत्येक घराच्या पूर्वीच्या सरासरीवर दहा टक्के अधिक इतकी वीज विनामूल्य मिळते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला तर सर्वच बिल भरावे लागते. ज्या घरात आज ११० युनिट लागतात, तेथे मोटार आली की २१४ झाले. काल शून्य असलेले बिल आज १,५०० च्या घरात गेले. बचत राहिली २,६७० च्या आसपास. ती अजूनही चांगलीच आहे. मात्र कर्ज काढून गाडी घेणाराने हप्ता ठरविताना हा आकडा धरावा, पहिला धरू नये.

शेवटी कागदपत्रे. सीमाभागात महाराष्ट्राच्या पाटीची गाडी बेळगावात फिरताना पाहून कोणास नवल वाटत नाही, पण बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची गाडी तेथे पुन्हा नोंदविणे कायद्याने आवश्यक आहे. त्यासाठी मूळच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आणि विजेच्या गाडीवरील कराचे नियम राज्याराज्यांत निराळे असून ते बदलतही असतात, म्हणून बयाणा देण्यापूर्वी बेळगावच्या कार्यालयात कराचा आकडा विचारून घ्यावा. बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहावे. बॅटरीची हमी हस्तांतरित होते की नाही हेही हमीपत्रात शोधावे. नेक्सॉनच्या बॅटरीस आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी होती. अलीकडील काही गाड्यांना आजीवन हमी आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. जाहिरातीतील ‘आजीवन’ हा शब्द वाचून दुसऱ्या मालकाने हुरळून जाऊ नये.

आणि विक्रेता एक रात्र मीटर लावू देण्यास तयार नसेल, दुरुस्तीकेंद्राचा अहवालही दाखवीत नसेल, तर भांडणतंटा करू नये. आरोग्य ७५ टक्के धरून वरील हिशेबाने येणारी किंमत त्यास सांगावी आणि पुढली गाडी पाहावयास निघावे.